देवळेकरांची शेगडी आणि जावयाचं जळण

जपानातल्या सेंदाईत मराठी घरं असतील पंचवीस-तीस. त्यातल्या एकवीस घरांशी गुणवंतराव देवळेकरांचं भांडण आहे. उरलेल्यांची आणि त्यांची अजून गाठ पडलेली नाही. लोक मला विचारतात, तुमचं कसं जमतं हो त्यांच्याशी? माझंही भांडण आहेच. पण मला त्यांच्या घरच्या बातम्या लागतात आणि त्यांना कोणीतरी ऐकून घेणारा लागतो, म्हणून आम्ही दोघांनी ते तात्पुरतं बाजूला ठेवलंय. तात्पुरतं म्हणजे एकोणीस वर्षं झाली.

गुणवंतराव मूळचे कराडचे. घरची लाकडाची वखार. वडील, काका, चुलत भाऊ सगळे तिथंच. हे एकटे शिकले, धातुशास्त्र घेतलं आणि चौतीस वर्षांपूर्वी इथल्या विद्यापीठात संशोधनाला आले ते इथलेच झाले. धातूंबद्दल त्यांच्या तोंडून मी कधी चार शब्द ऐकले नाहीत. अभिमान सगळा लाकडाचा. बागेत फिरायला गेले तरी बाकावर टिचकी मारणार, कान लावणार आणि तोंड वाकडं करून म्हणणार, "पांगारा!" इथं पांगारा कुठला आलाय, असं विचारायची सोय नाही. त्यांच्या लेखी लाकडाच्या दोनच जाती. एक बाभळ, आणि दुसरी बाभळ नसलेली. माणसांच्याही तशाच दोन, आणि पहिल्या जातीत ते स्वतः सोडून कोणी नाही.

दहाव्या वर्षी वखारीत ते शिकले ते असं: ओंडका फोडला की आतला काळा गाभा तो खरा. त्याच्या बाहेरचं पांढरं लाकूड भुरकन जळून जातं. लबाड वखारवाले ते मोळीच्या पोटात लपवतात. काळं ते चोख, पांढरं ते फसवं. एवढं ज्ञान घेऊन माणूस कराडहून निघाला आणि आजवर त्यात कशाची भर पडू दिली नाही.

आणि अशा माणसाला जावई कोण मिळावा? एकुलत्या एक ओवीनं लग्न केलं केनशी. केन जपानी, उंच, शांत, सेंदाईपासून गाडीनं दीड तासावरच्या डोंगरातल्या गावचा. तिथल्या एका गिरणीत तो कामाला आहे. डोंगरावर देवदाराची दाटी झाली की मधली झाडं काढतात. गिरणीत त्यांची साल सोलतात, भुसा करून वाळवतात आणि यंत्रात दाबून पेन्सिलीच्या तुकड्यांसारख्या कांड्या पाडतात. या कांड्या म्हणजे पेलेट. पेलेटच्या शेगडीत वरची पेटी भरून ठेवली की त्या आपोआप खालच्या वाटीत पडतात आणि जळत राहतात. चांगला व्यवसाय आहे. गुणवंतराव मात्र सगळ्यांना सांगायचे, "आमचे जावई भुसा दाबतात."

त्यात देवदाराचे पराग. दर वसंतात अर्धं सेंदाई शिंकतं, तसे गुणवंतरावही शिंकतात. फरक एवढाच की बाकीचे शिंकल्यावर नाक पुसतात आणि हे केनचं नाव घेतात.

जावयाला मान द्यायची आपली रीत त्यांनी अगदी विषारीपणे पाळली. "या जावईबापू, बसा जावईबापू, आमचं साधं वरण चालेल ना जावईबापू?" केनला सहा वर्षांत मराठी छान समजायला लागलं होतं. आणि काही गोष्टी न समजल्यासारखं दाखवायलाही तो शिकला होता.

आता स्नेहलतावहिनी. ओवी जन्मली तेव्हा त्या या गावात एकट्या होत्या. आईचा व्हिसा वेळेवर झाला नाही, नवरा प्रयोगशाळेतल्या भट्टीपाशी. दवाखान्यातून घरी आल्या त्या दिवशी स्वतःच कुकर लावला, आणि पहिल्या शिट्टीला बाळ दचकून रडलं तशा त्याही रडल्या. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. मी ते शंभर जणांना सांगितलंय. तेव्हापासून बाईच्या मनात एकच गोष्ट होती, ओवीचं बाळंतपण आपल्या घरी, आपल्या हातानं करायचं. इथंही पहिल्या बाळंतपणाला मुलगी माहेरी जाते, त्यामुळे केनच्या घरून अडचण नव्हती. जानेवारीअखेरची तारीख होती. सेंदाईच्या दवाखान्यात नाव घातलं. ओवीनं एकच अट घातली.

"आई, तुझं घर म्हणजे फ्रीज आहे. मी बाळाला घेऊन तिथं राहणार नाही. आधी घर गरम कर, मग मी येते."

खोटं नव्हतं. टेकडीवरच्या वसाहतीतलं जुनं घर, भिंती पुठ्ठ्याच्या जाडीच्या. नोव्हेंबरातच खोबरेलाची बाटली गोठायची ती मार्चपर्यंत. म्हणून ऑक्टोबरात पेलेटची शेगडी आली. बसवायला आलेल्या माणसानं विचारलं, "कोणते पेलेट जाळणार? त्याप्रमाणे हवा लावून देतो."

वहिनी म्हणाल्या, "जावयाच्या गिरणीतले. देवदाराचे."

गुणवंतराव म्हणाले, "ओकचे."

तो आळीपाळीनं दोघांकडे बघत राहिला. मग शेगडीच्या पुस्तकात होती तशी, देवदाराला चालणारी हवा लावून दिली आणि चहाही न घेता निघून गेला.

दुकानात गुणवंतरावांनी दोन पोत्यांतून दोन मुठी घेतल्या, तळहातावर तोलल्या, हुंगल्या, एक कांडी तर दाताखाली धरली. देवदाराची पांढरी. ओकची काळपट. झालं! पन्नास वर्षांपूर्वीची वखार जागी झाली. "हा बघा गाभा," असं दुकानदाराला मराठीत सांगून चाळीस पोती घरी मागवली. पोत्यावर बारीक अक्षरात लिहिलं होतं की हा माल सालीसकट दळलेला आहे. काळा रंग गाभ्याचा नव्हता, सालीचा होता. वखारवाल्याच्या मुलानं साल विकत घेतली आणि मिरवत घरी आणली.

पुढच्याच महिन्यात एका रविवारी केन आणि ओवी जेवायला आले होते. मीही होतो. अशा ठिकाणी मी असतोच. शेगडीची काच काजळली होती, ज्योत तांबडी आणि आळशी. केननं वाकून पाहिलं. वाटीच्या तळाशी राखेचा खंगर जमला होता, वीटभट्टीत जमतो तसा.

"बाबा, पेलेट बदलून बघू या का?"

"का? ओक आहे. टणक लाकूड."

"ओंडका असता तर तुमचं बरोबर होतं. पण इथं सगळ्याचं आधी पीठ होतं. दाबल्यावर ओक काय आणि देवदार काय, सारखेच टणक. उष्णताही किलोमागं जवळजवळ तेवढीच. देवदारात राळ असते, त्यामुळे त्याची उलट जराशी जास्त. फरक पडतो तो राखेनं. यात साल आहे, म्हणून राख फार."

"जावईबापू, तुम्ही जन्मायच्या आधी मी बाभूळ फोडत होतो."

"हो, बाबा."

"राळ म्हणे! राळेनं धुराडं भरतं आणि घर पेटतं."

"ओल्या लाकडाचं तसं होतं. हा भुसा वाळवलेला असतो. आमच्या घरी बारा वर्षं—"

"तुमच्या घरी काय जळतं ते तुमच्या घरी."

केननं तरीही सोडलं नाही. "ओकच हवा असेल तर साल काढलेला मिळतो, बाबा. तोही चांगला असतो. मी हवा त्याप्रमाणे लावून देईन. आमचाच माल घ्या असं नाही."

इतकं सरळ बोलणं गुणवंतरावांना मुळीच सोसत नाही. त्यांनी ताट पुढे ढकललं. "या घरात भुसा जळणार नाही!"

ओवी शांतपणे म्हणाली, "बाबा, तुमचाही भुसाच आहे. फक्त काळा."

आणि मी हसलो. तिथं माझं चुकलं, कबूल करतो. तोवर प्रकरण शेगडीचं होतं. माझ्या हसण्यानं ते अब्रूचं झालं.

नोव्हेंबर संपता संपता शेगडी दिवसातून दोनदा बंद पडायला लागली. छोट्या पडद्यावर बिघाडाचा लाल आकडा चमकायचा. गुणवंतराव वहिनी आंघोळीला गेल्या की स्क्रूड्रायव्हर घेऊन बसायचे आणि खंगर खरवडून वर्तमानपत्रात गुंडाळून लपवायचे.

"पुन्हा विझली?" वहिनी दोन स्वेटर आणि शालीतून विचारायच्या.

"विझवली. फार गरम होत होतं."

घरात तेव्हा अकरा डिग्री होतं.

डिसेंबरात केनकडून भेट आली. वर्षअखेरीला धाकट्यानं थोरल्याला काहीतरी पाठवायचं, ही इथली रीत. चहा पाठवतात, मासे पाठवतात. केननं दहा पोती पेलेट पाठवले. पहिल्या पोत्यावर भेटीचा पांढरा कागद, त्यावर ब्रशनं लिहिलेलं केनचं नाव आणि खाली ओवीच्या अक्षरात मराठीत एकच शब्द: बाळासाठी.

ही भेट परत करणं म्हणजे तोंडावर थुंकणं. गुणवंतरावांना ते पक्कं माहीत होतं. परत केली असती तर निदान उघड वैर झालं असतं. त्यांनी त्याहून हलकं काम केलं. वहिनी बाजारात गेल्या असताना सगळे पेलेट महापालिकेच्या हिरव्या पिशव्यांत भरले, तो कागदही त्यातच कोंबला आणि पिशव्या गॅरेजमागं लपवल्या. वहिनींना सांगितलं, "केनची पोती ओली निघाली, बदलायला पाठवलीत." मग कचऱ्याच्या दिवशी थोड्या थोड्या पिशव्या वस्तीच्या कचराकोपऱ्यावर नेऊन ठेवायला लागले. मला फोन करून ऐकवलं, "जळाऊ कचऱ्यात टाकतोय. जाळायचीच वस्तू आहे की नाही? जाळतील महापालिकावाले!" आणि खिदळले.

मीही खिदळलो. वहिनींना सांगावं असं दोनदा मनात आलं. आयुष्यात मी एकच बातमी पोटात ठेवली, आणि नेमकी तीच सांगायला हवी होती.

ओवी यायची होती ती डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात, संध्याकाळी. गुणवंतरावांनी सकाळी शेवटच्या पिशव्या बाहेर ठेवल्या. पण बर्फ पडेल म्हणून केन लवकर निघाला आणि दहालाच वसाहतीत पोचला. कचराकोपरा वळणावरच आहे. गाडीवाल्यांनी बाकी सगळं नेलं होतं आणि या जड पिशव्यांवर 'नेता येणार नाही' अशी पिवळी चिठ्ठी चिकटवून त्या तिथंच सोडल्या होत्या. कावळ्यांनी कचऱ्यावरच्या जाळीखालून ओढून त्या फाडल्या होत्या. वर बर्फमिश्रित पाऊस. पेलेट भिजले की फुगून परत भुसा होतात. रस्ताभर पांढरा चिखल झाला होता. त्या आठवड्यात कोपरा झाडायची पाळी असलेल्या शेजारीणबाई झाडू घेऊन उभ्या होत्या. त्यांच्या हातात भेटीचा कागद होता. खालची लिपी परदेशी, म्हणजे घर कोणतं ते त्यांना कळलंच होतं. त्या फक्त कुणीतरी यायची वाट बघत होत्या.

केननं गाडी थांबवली. आठ महिन्यांची गरोदर ओवी काचेतून बघत राहिली. तो उतरला, बाईंसमोर वाकून त्या घराच्या वतीनं माफी मागितली, त्यांच्या हातातला झाडू घेतला आणि आपल्या गिरणीचा माल आपल्याच हातानं रस्त्यावरून गोळा केला. वीस मिनिटं लागली. कागद त्यानं ओवीकडे दिला. हे सगळं शेजारीणबाईंनी पुढे अख्ख्या वसाहतीला सांगितलं, म्हणून मला इतकं नीट माहीत आहे.

गुणवंतरावांनी दार उघडलं तेव्हा ओवी ओला कागद धरून उभी होती.

"बाबा, हे काय आहे?"

"जळाऊ कचरा. हिरव्या पिशवीत, नियमाप्रमाणे."

"यावर काय लिहिलंय ते वाचलंत?"

"मला तुझं अक्षर लागत नाही."

वहिनी मागून धावत आल्या. हाताला कणीक, चेहरा उजळलेला. "अगं, आत ये ना, दारात काय उभी—" आणि त्यांनी कागद पाहिला. मग केनचे चिखलानं भरलेले हात पाहिले. त्या हुशार आहेत, त्यांना दुसरं काही विचारावं लागलं नाही.

"ओली निघाली होती ना पोती?" त्या नवऱ्याला एवढंच म्हणाल्या.

"आई," ओवीनं विचारलं, "घरात किती डिग्री आहे?"

वहिनींनी वळून शेगडीकडे पाहिलं. बिघाडाचा लाल आकडा चमकत होता, शेजारी घराचं तापमान. "नऊ," त्या म्हणाल्या.

ओवी केनकडे वळली आणि जपानीत म्हणाली, "चल." राग आला की तिचं मराठी संपतं.

गुणवंतराव ओरडले, "जा! भुशाच्या घरी जा! तिथं तुझं काय बाळंतपण होतंय बघतो!"

वहिनी आत गेल्या. गुणवंतरावांना वाटलं रडायला गेल्या. पाच मिनिटांनी त्या बाहेर आल्या त्या मेथीच्या लाडवांचे दोन डबे, डिंक-बाळंतशेपांची पिशवी आणि स्वतःची बॅग घेऊन.

"तुम्ही कुठे निघालात?"

"बाळंतपणाला."

"कुणाच्या?"

"माझ्या मुलीच्या. तुम्ही बसा तुमच्या गाभ्यापाशी."

केननं डबे घेतले, त्यांना गाडीत पुढे बसवलं. निघताना सासऱ्यापुढे नेहमीसारखा वाकला आणि म्हणाला, "बाबा, वाटी रोज साफ करा. नाहीतर धूर घरात येईल." शिवी दिली असती तर गुणवंतराव सुखानं झोपले असते. या वाक्यानं ते आठवडाभर जळत होते.

कराडला त्यांनी कळवलं की सेंदाईच्या दवाखान्यात जागा नव्हती. कराडकरांनी लगेच मला फोन केला. मी काय, खोटं बोलत नाही.

तिकडे डोंगरातल्या घरीही काही गोडीगुलाबी नव्हती, असं समजू नका. केनची आई फुमिएबाई. एका स्वयंपाकघरात दोन आज्या. फुमिएबाई ओवीच्या ताटात मुळ्याचं लोणचं वाढायच्या, वहिनी ते काढून घ्यायच्या. वहिनी मेथीचा लाडू पुढे करायच्या, फुमिएबाई औषध गिळावं तसा गिळायच्या आणि हसायच्या. बाळंतशेपांची धुरी द्यायची म्हटल्यावर त्या बाईंनी छतावरच्या धुराच्या अलार्मकडे बोट दाखवलं. वहिनींना हवं होतं ते मिळालं खरं, पण दुसरीच्या चुलीवर, तिच्या भांड्यांत आणि तिला विचारून विचारून. फोनवर मला म्हणाल्या, "भाऊजी, एकतीस वर्षं मी ज्या घरात हे करायचं ठरवलं होतं, ते घर त्या माणसानं नऊ डिग्रीवर ठेवलं. हे मी विसरणार नाही." आवाज इतका गार होता की मी पुढे गंमत केली नाही.

मुलगा झाला. नाव रेन ठेवायचं ठरलं. बारशाला आजोबांना बोलावणं आलं. ते ओवीनं नाही, केननं केलं. गुणवंतरावांनी बाळ पाहिलं नव्हतं. फोटो पाठवला होता, तोही त्यांनी माझ्याच फोनवर पाहिला. मी गाडी चालवत त्यांना घेऊन गेलो. दीड तास ते खिडकीबाहेरच्या देवदारांकडे बघत बसले होते.

घरात शिरताच ऊब अंगावर आली. बावीस डिग्री. शेगडीची काच स्वच्छ, आत पिवळीधमक ज्योत. सगळे शर्टावर. फुमिएबाईंनी तर बाह्या दुमडल्या होत्या. मी दारातच कोट आणि स्वेटर काढून टाकला. गुणवंतरावांनी कोट काढला. स्वेटर नाही. जाडजूड, गळ्यापर्यंतचा, वहिनींनीच विणलेला. स्वेटर काढणं म्हणजे शेगडीला पावती देणं, हे त्यांना पुरेपूर कळत होतं.

"स्वेटर द्या ना बाबा, ठेवतो," केन म्हणाला.

"नको. गारवा आहे."

पाळणा म्हणून झाला, नाव ठेवून झालं. अर्धा तास गेला, पाऊण गेला. गुणवंतरावांचं कपाळ चमकायला लागलं, मग कानांमागून ओघळ आले. तोंड टोमॅटोसारखं. फुमिएबाई घाबरून माझ्याकडे बघायला लागल्या. मी खांदे उडवले.

शेवटी ओवीनं बाळ त्यांच्या मांडीवर दिलं. मी त्या माणसाला एकोणीस वर्षं ओळखतो. त्या वेळी झालं तसं त्यांचं तोंड मी कधी पाहिलं नव्हतं. ते खाली वाकले. आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून घामाचा थेंब थेट बाळाच्या कपाळावर पडला. बाळानं किंकाळी फोडली.

वहिनींनी पुढे येऊन बाळ उचललं, पदरानं कपाळ टिपलं.

"घाम आलाय तुम्हाला."

"नाही."

"स्वेटर काढा, मग देते."

वाटीत पेलेट पडल्याचा टिक् टिक् आवाज तेवढा येत होता. गुणवंतरावांनी हात गळ्यापाशी नेला. लोकर बोटांत धरली. मग त्यांची नजर केनवर गेली. केन शेगडीपाशी उभा होता, जमिनीकडे बघत, बिचारा मुद्दाम त्यांच्याकडे बघत नव्हता. तेवढ्यानं बिनसलं.

"जरा बाहेर जाऊन येतो," असं म्हणून ते उठले.

मी पाच मिनिटांनी गेलो. अंगणात गुडघाभर बर्फ. त्यात गुणवंतराव उभे. स्वेटर काढून हातात धरलेला, शर्ट पाठीला चिकटलेला, अंगातून वाफा निघताहेत.

"चला आत," मी म्हटलं. "असेच चला. बाळ देतील."

"आत काही फार गरम नाही," ते म्हणाले आणि दात वाजायला लागल्यावर स्वेटर पुन्हा घालायला लागले.

खिडकीतून वहिनी बघत होत्या. त्यांनी बाळ खांद्यावर घेतलं आणि पडदा ओढून घेतला.